एआरबीची मतं डेव्हलपरला डेलिगेट करायचीत? मग क्रम असा ठेवा

आर्बिट्रम म्हणजे इथेरियमवर उभं असलेलं नेटवर्क. त्याच्या कारभारात मत देण्यासाठीचे एआरबी टोकन ज्यांच्याकडे आहेत, मार्च २०२३ च्या एअरड्रॉपमध्ये (फुकट वाटपात) मिळालेले असोत की नंतर विकत घेतलेले, त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं असतं की बाबा आपल्याला सॉलिडिटी (काँट्रॅक्टची, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमची भाषा) येत नाही, अपग्रेडचा कोड आपण काय वाचणार, त्यापेक्षा एखाद्या हुशार डेव्हलपरला मतं देऊन टाकू (यालाच डेलिगेट करणं म्हणतात) आणि मोकळे होऊ. कल्पनेत काही खोट नाही. घोळ होतो तो करताना, आणि दर वेळी तोच होतो. टोकन एक्स्चेंजवर पडलेले आणि माणूस डेलिगेटचं बटण शोधतोय. किंवा डेलिगेट केलं पण मतदान सुरू झाल्यावर, मग "माझी मतं मोजलीच नाहीत" म्हणून कुठेतरी विचारायला गेला आणि मदतीच्या नावाखाली आलेल्या चोराला सीड फ्रेज (वॉलेटची किल्ली असलेले शब्द) देऊन बसला. किंवा सगळं व्यवस्थित केलं, फक्त ज्याला दिलं तो डेव्हलपर कित्येक महिने कुठल्याच मतदानाला फिरकलेला नाही.

उदाहरण आर्बिट्रमचं घेतलंय. ईएनएस (पत्त्यांना नावं देणारी सेवा) आणि युनिस्वॅप (एक एक्स्चेंज) यांचे टोकनही जवळपास असेच चालतात, फक्त ते इथेरियम मेननेटवर (मूळ साखळीवर) आहेत त्यामुळे तिथे गॅस (व्यवहाराची फी) जास्त लागतो. पोल्काडॉट या दुसऱ्या ब्लॉकचेनचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी घेतो.

## १. बटण दाबायच्या आधी हे नियम नीट समजून घ्या

डेलिगेट केल्यानं टोकन कुठेही जात नाहीत. ते तुमच्याच वॉलेटमध्ये राहतात, लॉक होत नाहीत, उद्या विकायचे असतील तर विका. समोरच्याला मिळतं ते फक्त मत देण्याचं वजन. तुम्ही टोकन विकलेत की तेवढं वजन त्याच्याकडून आपोआप कमी होतं, आणि त्याच पत्त्यावर आणखी टोकन घेतलेत की आपोआप वाढतं, परत काही करावं लागत नाही.

दुसरं, डेलिगेट केलंच नाही तर ती मतं कुणाचीच नसतात. तुमचीही नाहीत! हे लोकांना पटत नाही पण असंच आहे, स्वतः मत द्यायचं असेल तरी आधी स्वतःच्याच पत्त्याला डेलिगेट करावं लागतं. एअरड्रॉप क्लेम करून गप्प बसलेले टोकन मतदानाच्या हिशेबानं झोपलेले असतात.

तिसरं, एका पत्त्यावरची सगळी मतं एकालाच जातात. अर्धी याला अर्धी त्याला असं एआरबीत होत नाही. तुम्ही एखाद्याला दिलेली मतं तो पुढे तिसऱ्याला देऊ शकत नाही, त्याचे स्वतःचे टोकन तो देईल पण तुमची मतं त्याच्यापाशीच थांबतात. आणि एकदा दिली की एखाद्या प्रस्तावापुरतं "आज मी देतो" असं म्हणायची सोय नाही, त्यासाठी डेलिगेशन काढून घ्यावं लागतं आणि तेही वेळेत.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याकडेच कुणी बघत नाही. डेलिगेशन विषयवार नसतं. तुम्हाला वाटतं आपण कोडच्या प्रश्नांसाठी डेव्हलपर नेमला, पण तुमची मतं तो सगळीकडे वापरणार आहे: अपग्रेडला, ट्रेझरीतून (सामाईक तिजोरीतून) कुणाला किती द्यायचे याला, सिक्युरिटी कौन्सिलच्या (आणीबाणीत नेटवर्क सांभाळणाऱ्या निवडून दिलेल्या गटाच्या) निवडणुकीला. आणि मतदानाची यादी काढून बघा, निम्म्याहून जास्त भांडण पैशाचं असतं. त्यामुळे "कोड किती भारी लिहितो" एवढ्यावर निवड केली तर ती अर्धवटच होते. पुढचा तिसरा टप्पा त्याच्यासाठीच लांबवलाय.

## २. टोकन आहेत कुठे, ते शोधा

वॉलेट उघडायच्या आधी एक यादी करा की आपले एआरबी नक्की कुठेकुठे आहेत. कारण मत फक्त आर्बिट्रम वन या नेटवर्कवर, तुमच्या स्वतःच्या पत्त्यावर असलेल्या टोकनला असतं.

एक्स्चेंजवर असतील तर ते एक्स्चेंजच्या पत्त्यावर आहेत, तुम्हाला तिथून डेलिगेट करता येणार नाही, आधी विड्रॉ करावे लागतील. भारतातल्या काही अ‍ॅपवर घेतलेलं क्रिप्टो बाहेर काढायची सोयच नसते किंवा निवडक कॉइनपुरती असते, तेव्हा आधी ते बघा. विड्रॉ करताना नेटवर्क आर्बिट्रम वन निवडा. इथेरियमवर काढलेत तर टोकन हरवत नाहीत पण तिथल्या एआरबीला मत नाही, ब्रिजनं (दोन नेटवर्कमधल्या पुलानं) परत आर्बिट्रमवर आणावे लागतात आणि त्याचा मेननेटचा गॅस वेगळा.

लिक्विडिटी पूलमध्ये (खरेदी-विक्रीसाठीच्या सामाईक साठ्यात) किंवा लेंडिंगला (कर्जाऊ) लावलेले असतील तर ते त्या काँट्रॅक्टच्या नावावर आहेत. मत हवं असेल तर बाहेर काढा, व्याज हवं असेल तर मत सोडा. दोन्ही एकदम बहुतेक ठिकाणी जमत नाही.

गॅस इथमध्ये (इथेरियमच्या नाण्यात) लागतो, एआरबीमध्ये नाही. हे वाचताना "माहितीये" वाटतं, पण नुसते एआरबी विड्रॉ करून मग अडकून बसलेले लोक ढिगानं सापडतील. थोडंसं इथ, तेही आर्बिट्रम वनवरच, आधी पाठवून ठेवा. डेलिगेटचा खर्च आर्बिट्रमवर सहसा चहाच्या पैशांपेक्षाही कमी येतो.

तपासा: आर्बिस्कॅनवर (आर्बिट्रमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) स्वतःचा पत्ता टाका. एआरबी दिसतायत? थोडं इथ दिसतंय? दोन्हीला हो असेल तरच पुढे. मोठी रक्कम हलवत असाल तर आधी दोन-चार टोकन पाठवून बघा, मग बाकीचे.

## ३. डेव्हलपर निवडणं

इथे घाई करू नका. पुढचं सगळं काम पाच मिनिटांचं आहे, हे मात्र एक संध्याकाळ खाणार.

डेव्हलपर म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी नसतात. काही जण प्रोटोकॉलच्या मूळ कोडवर काम करतात. काही आर्बिट्रमवर स्वतःचं अ‍ॅप चालवतात, एक्स्चेंज, लेंडिंग, गेम असलं काहीतरी. काही ऑडिट आणि सुरक्षेचं बघतात, किंवा एल२बीटसारखे गट आहेत जे वेगवेगळ्या लेअर टूची (आर्बिट्रमसारख्या, इथेरियमवर उभ्या असलेल्या नेटवर्कची) तपासणी करतात आणि शिवाय डेलिगेट म्हणून मतंही देतात. तिघांचं डोकं तुमच्यापेक्षा तांत्रिक बाबतीत चालतंच, पण तिघांचे हितसंबंध वेगळे.

मूळ कोडवाल्याला अपग्रेडमधलं सगळ्यात जास्त कळतं, पण बऱ्याचदा अपग्रेड त्यानंच किंवा त्याच्याच कंपनीनं लिहिलेलं असतं. आपल्याच पेपरला आपणच मार्क देण्यातला प्रकार. अ‍ॅपवाल्याची गंमत वेगळी, त्याला ट्रेझरीतून अनुदान हवं असतं. २०२३ च्या शेवटाला आर्बिट्रमनं एसटीआयपी नावाचा कार्यक्रम काढला, ५ कोटी एआरबी अ‍ॅप्सना वाटायला, एकट्या जीएमएक्स या एक्स्चेंजला त्यातले १ कोटी २० लाख मिळाले. आता असल्या मतदानात ज्यांच्या हातात डेलिगेट म्हणून मतं होती त्यातले काही स्वतः अर्जदारांच्या बाजूचे असणं साहजिकच आहे. यात लगेच लबाडी आहे असं नाही, पण आपली मतं कुणाच्या खिशाकडे झुकणार हे देण्याआधी माहीत असावं. माझं विचाराल तर अपग्रेडची काळजी असणाऱ्यानं सुरक्षावाला निवडावा, आणि अ‍ॅपवाला निवडायचाच असेल तर "स्वतःच्या अर्जावर मत देतोस का" याचं लेखी उत्तर त्याच्या निवेदनात शोधावं. नसेल तर विचारावं. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा.

नावं निवडलीत की प्रत्येकाची जुनी मतं काढून बघा. स्नॅपशॉटसारख्या मतदानाच्या साइटवर कुठलाही डेलिगेट उघडलात की त्यानं कधी काय मत दिलं ते दिसतं. नुसती हजेरीची टक्केवारी बघू नका, खालची मतं मुद्दाम शोधा:

एआयपी-१ (आर्बिट्रमचा पहिला प्रस्ताव), २०२३ च्या मार्च-एप्रिलचं. आर्बिट्रम फाउंडेशनला ७५ कोटी एआरबी द्यायचे असं त्या पॅकेजमध्ये होतं, आणि मतदान चालू असतानाच उघड झालं की त्यातल्या काही टोकनांचा व्यवहार आधीच झालाय. प्रचंड आरडाओरडा झाला आणि प्रस्ताव पडला. त्या वेळी तुमच्या उमेदवारानं काय केलं? विरोध केला, पाठिंबा दिला, की गायब होता? पाठिंबा दिला म्हणून तो वाईट ठरत नाही, पण कारण काय लिहिलंय ते वाचा.

गेमिंग कॅटलिस्ट प्रोग्रॅम, २०२४. गेमिंगसाठी २० कोटींहून जास्त एआरबी. यात बजेट, जबाबदारी, हिशेब कोण तपासणार असले प्रश्न होते, कोडचा संबंध जवळपास नाही. तुमचा डेव्हलपर पैशाच्या विषयात डोकं लावतो की सगळ्यांनी हो म्हटलं म्हणून हो म्हणतो, ते इथे कळतं.

स्टायलस आणि बोल्ड. पहिल्यानं रस्टसारख्या भाषांत काँट्रॅक्ट लिहिता येतात, दुसऱ्यानं व्हॅलिडेशन परवानगीशिवाय खुलं झालं. हे खरे तांत्रिक अपग्रेड. इथे डेव्हलपरनं नुसतं "छान आहे" लिहिलंय की ऑडिट वाचून एखादी शंका काढलीये? तुम्ही त्याला मत देताय ते याच कामासाठी ना, मग इथेच त्याची किंमत कळते.

कारण लिहिण्याची सवय आहे का ते बघणं फार गरजेचं आहे. मत कुठलंही देवो, दोन ओळी का होईना पण कारण लिहिणारा डेलिगेट नंतर तपासता येतो. न लिहिणाऱ्याचं काहीच पकडता येत नाही.

मतांचा आकडाही बघा. यादीत सगळ्यात वर असलेल्यालाच सगळे देतात कारण तो पहिला दिसतो, आणि मग त्याच चार-पाच जणांकडे गठ्ठे साठतात. ऑनचेन (थेट ब्लॉकचेनवरचा) प्रस्ताव मांडायला आर्बिट्रमवर १० लाख एआरबीची मतशक्ती लागते. त्यामुळे ८-९ लाखांवर अडकलेला एखादा कामसू डेव्हलपर असेल तर तुमच्या मतांचा उपयोग तिथे कितीतरी जास्त.

थांबा: "आम्हाला डेलिगेट करा, महिन्याला इतके टक्के मिळतील" असं कुणी म्हणत असेल तर ती मतं भाड्यानं जाणार आहेत हे पक्कं समजा. एप्रिल २०२५ मध्ये लॉबीफाय नावाच्या बाजारातून कुणीतरी ५ इथ देऊन साधारण १ कोटी ९३ लाख एआरबीची मतशक्ती एका निवडणुकीपुरती उचलली. टोकन ज्यांचे होते त्यांना व्याज मिळालं, मत मात्र तिसऱ्याच्याच मर्जीनं पडलं.

एकाला सगळं द्यायचं नसेल तर दुसरा पत्ता काढा, थोडे टोकन तिकडे हलवा. एक पत्ता डेव्हलपरला, दुसरा स्वतःला किंवा पैशाच्या विषयात जाणकार असलेल्या दुसऱ्या कुणाला. विषयवार वाटणी नाहीच होत, पण निदान सगळी मतं एकाच दिशेनं पडत नाहीत. थोडे टोकन असतील तर या भानगडीत पडू नका.

## ४. वेळ बघा, नाहीतर सगळं पुढच्या मतदानाला

"मी तर डेलिगेट केलं होतं" या तक्रारीमागे जवळपास नेहमी वेळेचा घोळ असतो. मतं मोजताना आत्ताचा आकडा धरत नाहीत, ठरावीक ब्लॉकला (ब्लॉकचेनवरच्या ठरावीक क्षणाला) कुणाकडे किती होतं ते धरतात. त्या ब्लॉकनंतर काहीही केलंत तरी चालू मतदानात फरक शून्य.

आर्बिट्रमवर दोन प्रकारची मतदानं असतात. आधी स्नॅपशॉटवर कल घेतात, तिथे मतदान तयार करतानाच ब्लॉक ठरलेला असतो, म्हणजे ते तुम्हाला दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मग खरं ऑनचेन मतदान, त्यात प्रस्ताव टाकल्यापासून ३ दिवस थांबतात आणि मतदान सुरू होताना आकडा गोठतो. हे ३ दिवस म्हणजे तुमची खिडकी. नंतर मतदान साधारण १४ दिवस चालतं, आणि लोक त्या १४ दिवसांत डेलिगेट करून वाट बघत बसतात.

उलटं पण लागू आहे बरं का. डेव्हलपरनं तुम्हाला न पटणारं मत दिलं म्हणून मतदान चालू असताना डेलिगेशन काढून घेतलंत तरी त्या मतदानात तुमचं वजन त्याच्याच पारड्यात राहणार. टोकन विकलेत तरी राहणार.

म्हणून एखाद्या गाजणाऱ्या प्रस्तावाची वाट बघू नका, डोकं शांत असताना, काही चालू नसताना डेलिगेट करून ठेवा.

## ५. साइट आणि पत्ता, दोन्ही वेगवेगळे पडताळा

साइट गूगलवर शोधून उघडू नका, सर्चच्या वरच्या जाहिरातीत हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट येतात. आर्बिट्रमच्या अधिकृत डॉक्समध्ये गव्हर्नन्सच्या पानावर जी लिंक आहे तिथूनच जा आणि बुकमार्क करून ठेवा. मतदानाच्या साइट बदलत असतात, काल एक होती उद्या दुसरी असेल, डॉक्समधून गेलात तर त्याचा त्रास नाही.

डेव्हलपरचा पत्ता कॉपी करताना दोन ठिकाणी जुळवा: त्याचं डेलिगेट प्रोफाइल आणि त्यानं स्वतः दुसरीकडे जाहीर केलेला पत्ता. ईएनएस नाव वापरत असाल तर ते उघडून मागचा खरा पत्ता बघा, एका अक्षराच्या फरकाचं नाव कुणीही विकत घेऊ शकतो. स्वतःच्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलायचा नाही, कारण सुरुवातीचे आणि शेवटचे चार अक्षर सारखे असलेल्या पत्त्यावरून शून्य रकमेचे व्यवहार पाठवून यादी खराब करून ठेवणारे बरेच आहेत. मधली पाच-सहा अक्षरंही वाचा.

## ६. प्रत्यक्ष डेलिगेट

साइटवर वॉलेट जोडा, नेटवर्क आर्बिट्रम वन आहे का बघा, डेव्हलपरच्या प्रोफाइलवरचं डेलिगेटचं बटण दाबा. आता वॉलेटमध्ये जी खिडकी उघडते ती वाचायची. कन्फर्म दाबायची घाई नाही.

त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. व्यवहार एआरबीच्या टोकन काँट्रॅक्टशी आहे (काँट्रॅक्टचा पत्ता डॉक्समधल्याशी जुळवा). फंक्शनचं नाव डेलिगेट आहे. पाठवायची रक्कम शून्य इथ आहे, फक्त गॅस. आत एकच पत्ता असतो, डेव्हलपरचा, तो परत एकदा बघा.

थांबा: अप्रूव्ह, इन्क्रीज अलाउन्स किंवा ट्रान्सफर दिसलं तर रिजेक्ट करा आणि टॅब बंद. डेलिगेशनला टोकन खर्च करायची परवानगी कधीच लागत नाही.

कधीकधी व्यवहाराऐवजी नुसती सही मागतात, गॅस लागणार नाही म्हणून. हे खरंही असू शकतं कारण टोकनमध्ये सहीनं डेलिगेट करायची सोय आहे, पण खोटेपणाही इथेच होतो. सहीच्या मजकुरातले रकाने बघा. डेलिगेशनच्या सहीत डेलिगेटी, नॉन्स आणि एक्स्पायरी असतात. ओनर, स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन असलं दिसलं तर ते परमिट आहे, म्हणजे तुमचे टोकन उचलायची परवानगी, आणि सही केलीत तर टोकन गेले. ज्याला हा फरक ओळखायची खात्री नाही त्यानं सरळ गॅस भरून व्यवहार करावा, आर्बिट्रमवर तो काही महाग नाही.

साइटवर विश्वास नसेल किंवा साइट बंद असेल तर आर्बिस्कॅनवरूनच करता येतं. टोकनचं पान, काँट्रॅक्टचा टॅब, त्यात राइट अ‍ॅज प्रॉक्सी. नुसत्या राइट काँट्रॅक्टमध्ये डेलिगेट सापडत नाही कारण एआरबी प्रॉक्सीमागे आहे (खरा कोड दुसऱ्या काँट्रॅक्टमध्ये असतो), आणि लोक तिथे शोधून दमतात. वॉलेट जोडा, डेलिगेट उघडा, पत्ता टाका, राइट दाबा.

मल्टिसिगमध्ये (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमध्ये) टोकन असतील तर व्यवहार मल्टिसिगमधूनच गेला पाहिजे आणि ठरलेल्या सह्या पूर्ण झाल्या पाहिजेत. एकानं स्वतःच्या वॉलेटमधून डेलिगेट केलं तर त्याच्या वैयक्तिक पत्त्याचं डेलिगेशन झालं, मल्टिसिगचं नाही.

## ७. झालं का ते स्वतः बघा

हिरवी टिक आली म्हणजे झालं असं नाही. एआरबी नसलेल्या वॉलेटमधून डेलिगेट केलं तरी व्यवहार यशस्वी होतो, हिरवी टिक येते, आणि मतं गेलेली असतात शून्य. चुकीचा अकाउंट जोडलेला असला की नेमकं हेच होतं.

आर्बिस्कॅनवर व्यवहार उघडून लॉग्ज बघा. डेलिगेट चेंज्ड असा एक इव्हेंट (नोंद) दिसेल, त्यात आधी कोण होतं आणि आता कोण. पहिल्यांदाच करत असाल तर आधीच्या जागी नुसते शून्य. त्याच्याखाली डेलिगेट व्होट्स चेंज्ड असा दुसरा इव्हेंट हवा, त्यात डेव्हलपरचा आधीचा आकडा आणि नवा आकडा. हा दुसरा नसेल तर त्या पत्त्यावर टोकनच नव्हते.

आधी स्वतःला डेलिगेट केलेलं असेल तर हा दुसरा इव्हेंट दोनदा येतो, एकदा तुमचा कमी झालेला, एकदा त्याचा वाढलेला. घाबरायचं काही नाही.

आकडे वाचताना गोंधळू नका, मागे १८ शून्यांची जागा असते. तुमचे ५०० एआरबी असतील तर नव्या आणि जुन्या आकड्यातला फरक ५ आणि पुढे २० शून्य असा दिसेल.

नंतर कधीही बघायचं असेल तर टोकनच्या पानावर रीड अ‍ॅज प्रॉक्सी, त्यात डेलिगेट्समध्ये स्वतःचा पत्ता टाका, सध्या कुणाला दिलंय ते येतं. गेट व्होट्समध्ये डेव्हलपरचा पत्ता टाकला की त्याची एकूण मतं. वॉलेट जोडायची गरज नाही, नुसतं वाचणं आहे.

## ८. देऊन विसरू नका

डेलिगेशनला मुदत नसते, तुम्ही काढेपर्यंत ते चालूच. डेव्हलपर नोकरी बदलतो, दुसऱ्या चेनवर जातो, कंटाळतो, आणि तुमची मतं त्याच्या न उघडलेल्या पत्त्यावर पडून राहतात. याचा तोटा दुहेरी, कारण कोरमला (प्रस्ताव वैध ठरायला लागणाऱ्या किमान मतांना) हो आणि अ‍ॅब्स्टेन (तटस्थ) अशी पडलेलीच मतं धरतात. आर्बिट्रमच्या मूळ नियमांत साध्या प्रस्तावाला ३ टक्के आणि घटनात्मक (मूळ नियम किंवा कोड बदलणाऱ्या) प्रस्तावाला ५ टक्के कोरम होता, आणि घटनात्मकचा नंतर खाली आणावा लागला, कारण तेवढी मतं गोळा करणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

लोक गाफील राहिले की काय होतं ते कंपाउंड या कर्जाच्या प्रोटोकॉलवाल्यांना विचारा. जुलै २०२४ मध्ये प्रपोझल २८९ तिथे पास झालं, एका गटाच्या व्हॉल्टला ४ लाख ९९ हजार कॉम्प टोकन द्यायचे म्हणून, साधारण ६ लाख ८२ हजार विरुद्ध ६ लाख ३४ हजार अशा फरकानं. शेवटी बोलणी होऊन ते मागे घेतलं गेलं, पण मतपेटीत ते जिंकलं होतं.

दर तीन महिन्यांनी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा आणि त्या दिवशी एवढंच बघा: गेल्या पाच-सहा मतदानांत तो हजर होता का, कारणं लिहिली का, आणि ज्या मतात त्याचा स्वतःचा पैसा होता तिथे तो बाजूला झाला का. सिक्युरिटी कौन्सिलच्या निवडणुकीत तर डेव्हलपर स्वतःच उमेदवार असतात आणि तुमची मतं तो स्वतःला टाकू शकतो, नियमात बसतं ते. तुम्हाला चालणार असेल तर ठीक, नसेल तर निवडणुकीआधी हलवा.

बदलताना आधी काढून मग नव्याला द्यायची गरज नाही. सरळ नव्या पत्त्याला डेलिगेट करा, जुनं आपोआप सुटतं. कुणालाच द्यायचं नसेल तर स्वतःला करा. जुन्या डेलिगेटची परवानगी लागत नाही, त्याला कळवलंच पाहिजे असंही नाही, पण कारण सांगितलंत तर बरं, बिचाऱ्याला निदान समजतं तरी.

## ९. पोल्काडॉट वापरणाऱ्यांसाठी वेगळं

वरचं जसंच्या तसं डॉटवर (पोल्काडॉटच्या टोकनवर) वापरू नका. तिथे ओपनगव्हमध्ये (तिथल्या मतदानाच्या पद्धतीत) ट्रॅकनुसार, म्हणजे विषयवार, डेलिगेट करता येतं, म्हणजे रूट आणि व्हाइटलिस्टेड कॉलर असे तांत्रिक ट्रॅक डेव्हलपरला आणि स्मॉल स्पेंडर, बिग स्पेंडर, ट्रेझरर असे पैशाचे ट्रॅक दुसऱ्याला किंवा स्वतःकडे. जे एआरबीत दोन पत्ते करूनही नीट जमत नाही ते इथे एका पत्त्यात होतं. सगळे ट्रॅक एकदम निवडायचं बटण दिसतं ते म्हणूनच दाबू नका.

पण इथे लॉक आहे. कन्व्हिक्शन (लॉकच्या बदल्यात मताला किती पट वजन) निवडावं लागतं: ०.१ पटीला लॉक नाही, १ पटीला ७ दिवस, २ पटीला १४, ३ ला २८, ४ ला ५६, ५ ला ११२ आणि ६ पटीला २२४ दिवस. हे दिवस डेलिगेट केल्यापासून मोजायचे नाहीत, डेलिगेशन काढून घेतल्यापासून सुरू होतात. डेलिगेट चालू आहे तोपर्यंत टोकन अडकलेलेच. स्टेकिंगला (नेटवर्क सुरक्षित ठेवायला) लावलेले डॉट वापरता येतात, एकाच टोकनवर दोन्ही लॉक बसतात. पहिल्यांदा करताना ०.१ किंवा १ पटीच्या वर जाऊ नका, ६ पट बघून हात शिवशिवतो पण साडेसात महिने मोठे असतात.

ज्या ट्रॅकवर तुमचं स्वतःचं मत पडलेलं आहे तिथे डेलिगेट करायला गेलात तर व्यवहार फेल होतो, आधी ती मतं काढा. आणि तुमचा डेव्हलपर सरळ हो किंवा नाही असं मत देतो का ते बघा. त्यानं अ‍ॅब्स्टेन किंवा मतं विभागून दिली तर डेलिगेट केलेल्यांची मतं मोजली जात नाहीत, फक्त त्याची स्वतःची जातात. त्यानं स्वतःच तो ट्रॅक दुसऱ्याला डेलिगेट केलेला असेल तरी तुमची मतं वाया.

वेळेचा नियमही उलटा आहे. इथे गोठवलेला आकडा नाही, मध्येच डेलिगेट केलंत तरी त्या ट्रॅकवर त्याच्या चालू असलेल्या मतांत तुमची भर लगेच पडते. काढून घेतलंत तर लगेच वजा होते.

काढून झाल्यावर लॉकचे दिवस संपले तरी टोकन आपोआप मोकळे होत नाहीत. अनलॉकचा वेगळा व्यवहार करावा लागतो, प्रत्येक ट्रॅकसाठी. वॉलेटमध्ये बॅलन्स दिसतोय पण ट्रान्सफर होत नाहीये असं झालं की आधी तिथे बघा.